बेळगावात घर कधी घ्यावं? दर उतरण्याची नाही, कागद पुरा होण्याची वाट बघा

प्रश्न एका तरुण जोडप्याचा आहे. नवरा उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये कामाला, बायको खासगी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला 60 हजार घरी येतात. मूळ गाव खानापूर तालुक्यात, सध्या अनगोळात 11 हजार भाड्याचं घर, गाठीला 14 लाख. समोर तीन पर्याय आहेत. मजगावच्या बाजूला नव्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, 34 लाखांना. हिंडलग्याच्या पुढे सुळग्याकडे 30 बाय 40 चा एनए (बिगरशेती) प्लॉट, चौरस फुटाला 1800 रुपये दराने. आणि येळ्ळूर रस्त्याला ओळखीच्या शेतकऱ्याकडचे दोन गुंठे, 9 लाखांत, बाँडवर (खरेदीखत न नोंदवता, नुसत्या स्टॅम्पपेपरच्या करारावर). वडील म्हणतात जमीनच घे. एजंट म्हणतो पाडव्याला संचकार (विसार) द्या, रिंग रोड झाला की दर हाताबाहेर जाईल. कामावरचा मित्र म्हणतो दोन वर्षं थांब, दर पडणार आहेत.

मी बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो. व्यवहार ठरल्यावर कर्ज मंजूर होण्याआधी जागेवर जाऊन मोजमाप घ्यायचं, कागद ताडून बघायचे आणि किंमत लिहून द्यायची, हे माझं काम. त्यामुळे आनंदात संचकार देऊन बसलेली आणि मग बँकेने नकार दिलेली माणसं मला फार भेटतात. ती माणसं डोळ्यांसमोर ठेवूनच हे लिहितोय. उत्तर आधी सांगतो: बाँडचे दोन गुंठे अजिबात नकोत, प्लॉट तुमच्या आजच्या पैशात बसत नाही, फ्लॅट घ्या. पण पाडव्याला नको.

आधी मित्राचं म्हणणं बघू. बेळगावात दर पडतात का? माझ्या पाहण्यात इथे दर पडत नाहीत, व्यवहार थांबतात. कारण सोपं आहे. टिळकवाडीतला जुना बंगला असो, शहापुरातलं घर असो की वडगावच्या शिवारातली जमीन, मालक बहुतेक वेळा वडिलोपार्जित असतो. त्याच्या डोक्यावर त्या जागेचं कर्ज नसतं, म्हणून त्याला घाई नसते. भाव नाही आला तर तो विकतच नाही. नोव्हेंबर 2016 ला नोटा बंद झाल्या तेव्हा उपनोंदणी कार्यालयातली गर्दी ओसरली, 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झालं. तोंडी सांगायचा भाव मात्र दोन्ही वेळा तिथेच राहिला. ज्याच्या घरात मुलीचं लग्न होतं, ज्यांची भावाभावांत वाटणी अडली होती, त्याने गुपचूप लाख-दोन लाख सोडले, बाकीचे बसून राहिले. म्हणजे मंदी इथे भावात दिसत नाही, घासाघिशीत दिसते. दोन वर्षं थांबून बाजार स्वस्त मिळेल या आशेवर राहू नका, पण आज न घेतलं तर कायमचं हुकेल असंही नाही.

बिल्डरची गोष्ट थोडी वेगळी. त्याचे पैसे व्याजाने अडकलेले असतात, इमारत पुरी झाल्यावर रिकामा फ्लॅट त्याला महिन्यागणिक महाग पडतो. त्यामुळे मजगावच्या त्या इमारतीपाशी एखाद्या दिवशी रात्री आठ वाजता जाऊन उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. मग तळमजल्यावरचा मीटरबोर्ड बघा. किती मीटर बसलेत, किती फिरतात, किती शून्यावर आहेत. ‘शेवटचे दोनच फ्लॅट उरलेत’ म्हणणाऱ्या इमारतीत अर्धे मीटर थंड असतील, तर तुमच्या हातात बोलायला जागा आहे. दर चौरस फुटाचा आकडा कुणाला विचारण्यापेक्षा हा मीटरबोर्ड जास्त खरं सांगतो.

आता एजंटच्या रिंग रोडबद्दल. बातमीवर जमीन घेण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध झालं, 2012 ला उद्घाटन झालं, तेव्हा त्या बाजूच्या प्लॉटचे भाव रातोरात चढवले गेले. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगावचं नाव आलं, पुन्हा तेच. उडान योजनेत सांबऱ्याहून विमानं वाढली तेव्हा सांबरा रस्त्याला तेजी, पुढे काही मार्ग बंद झाले तेव्हा त्याची बातमी प्लॉट विकणाऱ्याने कुणालाच सांगितली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये बेंगळुरूची वंदे भारत सुरू झाली, आता तिचं नाव घेऊन प्लॉट दाखवतात. रस्ता झाला तर भाव वाढतो हे खरं. पण रस्ता होताना कुणाची तरी जमीन जाते हेही तितकंच खरं. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक शेती जाऊ नये म्हणून शेतकरी किती वर्षं न्यायालयात आणि रस्त्यावर झगडले ते आपण बघितलंय. धारवाड-कित्तूर-बेळगाव रेल्वेमार्गाच्या भूसंपादनालाही विरोध झालाच. तेव्हा कुणी म्हणालं की रिंग रोड इथूनच जातोय, तर पहिला प्रश्न हा विचारा की तो या सर्व्हे नंबरच्या शेजारून जातोय की यातूनच. भूसंपादनाच्या अधिसूचनेत सर्व्हे नंबर छापलेले असतात. ते ताडून न बघता रिंग रोडच्या नावाखाली एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता कागद. यावर जास्त लिहितो, कारण बेळगाव भागात घर कधी घ्यावं याचं उत्तर नव्वद टक्के वेळा इथेच सापडतं. दर चुकला तर लाख-दोन लाखांचं नुकसान होतं. कागद चुकला तर ते घर विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, मुलांच्या नावावर करता येत नाही.

बाँडच्या दोन गुंठ्यांपासून सुरू करतो. अनगोळ, वडगाव, येळ्ळूर, कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे या सगळ्या पट्ट्यात शेतीचे तुकडे पाडून 100 रुपयांच्या बाँडवर विकायचा प्रकार पिढी-दोन पिढ्या चालला. जमीन एनए नाही, बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) ले-आउट मंजूर नाही, उताऱ्यावर अजून शेतकऱ्याचंच नाव. घेणाऱ्याकडे एक करारपत्र आणि पावती. त्यावर माणसांनी पोटाला चिमटा काढून घरं बांधली, मुलं मोठी केली. त्यांना मी दोष देत नाही. हातात तेवढेच पैसे होते आणि शहरात दुसरं काही परवडत नव्हतं. त्यांना आशा होती अक्रम-सक्रमची, म्हणजे अनधिकृत बांधकामं दंड घेऊन नियमित करण्याच्या योजनेची. कर्नाटक सरकारने नियम केले, पण जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि ती आशा लटकली.

आता परिस्थिती आणखी घट्ट झाली आहे. 2024 च्या ऑक्टोबरपासून शहरी भागात ई-खाता (पालिकेतल्या मालमत्ता नोंदीचा ऑनलाइन उतारा) असल्याशिवाय खरेदीखत नोंदवूनच घेत नाहीत. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तू या सरकारी पोर्टलवरचा फॉर्म 9 आणि फॉर्म 11 लागतो. तुमच्या दोन गुंठ्यांना यातलं काही मिळणार नाही. एजंट सांगेल की आता बी-खाता मिळतो. अर्धवट खरं आहे. 10 सप्टेंबर 2024 पूर्वी नोंदणी झालेल्या अनधिकृत मालमत्तांना एकदाच बी-खाता देण्याची सोय सरकारने 2025 मध्ये केली. पण त्यासाठी आधी नोंदवलेलं खरेदीखत हवं, बाँड चालत नाही. आणि बी-खाता म्हणजे घरपट्टी भरायची सोय, त्याने ले-आउट मंजूर होत नाही. बहुतेक बँका त्यावर गृहकर्ज देत नाहीत. शेतकरी ओळखीचा आहे, विश्वासाचा आहे, मान्य. पण त्याच्यानंतर उताऱ्यावर त्याची मुलं-मुली येणार, त्यांनी तुम्हाला शब्द दिलेला नाही. 9 लाख म्हणजे तुमच्या आयुष्यभराच्या बचतीचे जवळपास दोन तृतीयांश, ते तिथे गाडू नका.

एनए प्लॉटचं काय? तो सुळग्याकडचा प्लॉट खरा एनए असेल तर चांगला आहे, पण नुसत्या ‘एनए’ या शब्दावर थांबू नका. एनए आदेश म्हणजे शेतीच्या जमिनीचा वापर बदलायला जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली परवानगी. त्यानंतर बुडाने ले-आउट मंजूर केला का, मंजूर नकाशात तुमचा प्लॉट नंबर आहे का, त्यावर बागेसाठी सोडलेली जागा नंतर प्लॉट करून विकलेली तर नाही ना, हे बघायचं. रस्ते, गटार, विजेचे खांब झाल्याशिवाय बुडा सगळे प्लॉट विक्रीला सोडत नाही, टप्प्याटप्प्याने सोडते. तुमचा प्लॉट सोडलेल्यांत आहे का, ते पत्र मागा. फॉर्म 11ए आहे की 11बी हेही बघा. 11बी म्हणजे मंजुरीविनाची मालमत्ता. नकाशात जमीन यलो झोनमध्ये (राहण्यासाठीच्या पट्ट्यात) आहे की ग्रीन बेल्टमध्ये (शेतीच्या पट्ट्यात), तेही. आमच्या कामात असे लोक येतात ज्यांच्याकडे एनए आदेशाची झेरॉक्स आहे आणि ती शेजारच्या सर्व्हे नंबरची आहे.

फ्लॅटच्या कागदात वेगळ्या जागा तपासायच्या. बेळगावात बहुतेक इमारती जुन्या घराच्या किंवा बंगल्याच्या जागेवर, मालक आणि बिल्डर यांच्यात करार होऊन उभ्या राहतात. काही फ्लॅट मालकाच्या वाट्याचे, काही बिल्डरच्या. तुम्हाला दाखवलेला फ्लॅट कुणाच्या वाट्याचा आहे आणि सही कोण करणार, हे संयुक्त विकास करारात लिहिलेलं असतं. तो करार वाचल्याशिवाय संचकार देऊ नका. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर कर्नाटक रेराचा (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक लागतोच. तो असेल तर तुम्हाला दोन मोठे आधार मिळतात: नोंदवलेल्या करारनाम्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. आठ फ्लॅटची छोटी इमारत असेल तर हे संरक्षण नाही असं समजून वागा, म्हणजे इंजिनिअरला नेऊन तपासणी जास्त करा आणि आगाऊ पैसे कमी द्या.

आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला. याकडे पूर्वी कुणी बघत नव्हतं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये. त्यानंतर कर्नाटकभर कितीतरी नव्या इमारती तात्पुरत्या वीजजोडणीवर अडकल्या. लहान घरांना पुढे सूट मिळाली, पण अपार्टमेंटवाल्याने त्यावर विसंबू नये. हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) कायमचा मीटर तुमच्या फ्लॅटला बसलाय का, ते डोळ्यांनी बघा.

मालकी हक्काची साखळी किमान तीस वर्षं मागे तपासायची. कावेरी या सरकारी नोंदणी पोर्टलवर ई.सी. (बोजा प्रमाणपत्र) निघते, त्यात नोंदवलेलं गहाण, विक्री, बक्षीसपत्र दिसतं. पण ई.सी.त न दिसणारी एक गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त खटले घडवते: बहिणींचा हक्क. कर्नाटकने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, 2005 ला केंद्राचा कायदा झाला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मापासूनचाच. पूर्वीच्या वाटण्या भावाभावांत तोंडी झाल्या, बहिणींना कुणी विचारलंच नाही. कोल्हापुरात किंवा गोव्यात दिलेल्या मुलीची सही राहिली असेल तर ती उद्या हक्क मागू शकते, आणि तो तिचा हक्कच आहे. वंशावळ मागा, प्रत्येक बहिणीची सही किंवा नोंदवलेलं हक्कसोड पत्र बघा. जमीन कुळकायद्यात मिळालेली असेल तर त्या आदेशातल्या अटी वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन असेल तर 1978 च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या परवानगीविना झालेली विक्री टिकत नाही, आणि 2023 च्या दुरुस्तीने दाव्याची मुदतही काढली, म्हणून जुना व्यवहार म्हणून निर्धास्त राहू नका. कॅम्पमधल्या (लष्करी छावणी हद्दीतल्या) मिळकतींची तऱ्हा वेगळीच, तिथे जमीन बहुधा सरकारची असते, म्हणून स्वस्त वाटली तरी त्यासाठी अनुभवी वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

एक गोष्ट मराठी वाचकांना कळकळीने सांगायची आहे. आपल्या आजोबांच्या काळातली खरेदीखतं मराठीत आहेत, कारण 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो. आजचे उतारे, ई-खाता, खरेदीखत सगळं कन्नडमध्ये. आपली पुष्कळ माणसं कन्नड बोलतात, पण कायद्याचं कन्नड वाचता येतंच असं नाही, आणि मग उपनोंदणी कार्यालयाच्या बाहेर पाच मिनिटांत ‘सगळं बरोबर हाय, करा सही’ म्हटलं की सही होते. असं करू नका. मसुदा चार दिवस आधी मागा. विकणाऱ्याचा किंवा एजंटचा नव्हे, स्वतःचा वकील करा आणि त्याच्याकडून प्रत्येक ओळ मराठीत समजून घ्या. चतुःसीमा, क्षेत्रफळ, सी.टी.एस. (शहर सर्व्हे) किंवा आर.एस. (रेव्हेन्यू सर्व्हे) नंबर, नावाचं स्पेलिंग. आधार कार्डावर एक आडनाव आणि खरेदीखतात कन्नड उच्चाराने दुसरंच, एवढ्यावरून मुलांच्या काळात वारसा नोंद अडते. वकिलाच्या फीची काटकसर करण्याची ही जागा नाही.

आता पाऊस. बेळगावचा पाऊस पश्चिमेकडून वाऱ्यासकट येतो आणि जून ते ऑगस्ट भिंतीवर सपासप मारतो. मार्चमध्ये बघितलेला फ्लॅट कोरडा आणि सुंदर असतो, नवीन रंगाचा वास येत असतो. तोच जुलैत बघा. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा, खिडकीच्या खालचा कोपरा, बाथरूमच्या मागची भिंत, वरच्या मजल्याचा स्लॅब. इमारतीने मागचा पावसाळा काढलेला असेल तर डाग कुठेतरी राहतातच, रंगाखाली फुगवटा दिसतो. रिकाम्या फ्लॅटमध्ये बिल्डरने सगळीकडे नवा रंग दिला आणि जिन्याला दिला नाही, तर जिन्याची पश्चिम भिंत बघा, ती खरं सांगेल.

जमीनही भागाभागात बदलते. हिंडलगा, मंडोळी, कंग्राळीच्या बाजूला तांबडी माती, खाली मुरूम किंवा जांभा लवकर लागतो. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भाताची काळी जमीन, जिथे आपला बासमती पिकायचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे पाया खाली घट्ट थर लागेपर्यंत न्यावा लागतो आणि नुसत्या भरावावर उभारलेलं घर दोन पावसाळ्यांत तडकतं. त्यात बळ्ळारी नाला. ऑगस्ट 2019 च्या पुरात शहराचे कोणते भाग पाण्याखाली गेले ते आठवत असेल. नाल्याच्या काठचं शिवार तर दर मोठ्या पावसात बुडतं. तुमचे ते येळ्ळूर रस्त्याचे दोन गुंठे कागद पुरा असता तरी मी आधी जुलैत जाऊन बघायला सांगितलं असतं. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

पाणीपुरवठ्याचंही थोडं बघा. शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. दहा प्रभागांत चोवीस तास पाण्याची योजना फार पूर्वी झाली, पण नवीन वस्त्यांत अजून टँकर आणि बोअरवेल आहे. फ्लॅट एप्रिल-मे मध्ये एकदा बघायला जा आणि राहणाऱ्यांना विचारा.

पैशांकडे येतो. फ्लॅट 34 लाख. नवीन अपार्टमेंटच्या पहिल्या नोंदणीला 20 ते 45 लाखांपर्यंत मुद्रांक शुल्क 3 टक्के आहे. त्यावर उपकर-अधिभार धरून 3.36 टक्के होतात. नोंदणी फी 31 ऑगस्ट 2025 पासून 1 वरून 2 टक्के झाली आहे, जुना आकडा कुणी सांगितला तर तो विसरा. एकूण साधारण 1 लाख 82 हजार. इमारत अपूर्ण असताना घेतला तर 1 टक्का जीएसटी, म्हणजे आणखी 34 हजार. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आल्यावर घेतला तर जीएसटी नाही. 25 लाख कर्ज धरलं तर तुमच्या खिशातून 9 लाख, नोंदणीचे पावणेदोन-दोन लाख, वकील, बँक, मीटर आणि किरकोळ मिळून लाखभर. म्हणजे 12 लाखांच्या आसपास. 14 पैकी 2 लाख हातात राहतात, आणि ते राहिलेच पाहिजेत. कारखान्यात ऑर्डर कमी झाल्या की ओव्हरटाइम आधी जातो, हे उद्यमबागेत काम करणाऱ्याला मी सांगायला नको.

20 वर्षांचं कर्ज 8 टक्क्यांनी धरलं तर हप्ता 20,911 रुपये, तुमच्या उत्पन्नाचा साधारण 35 टक्के. ओढून ताणून नाही, पण यापेक्षा वर जाऊ नका. व्याजदर आणखी उतरेल म्हणून थांबावं का? रिझर्व्ह बँकेने 2025 या एका वर्षात रेपो दर 6.5 वरून 5.25 टक्क्यांवर आणला. तो पुढे कुठे जाईल त्यावर घराचा निर्णय ठरवू नका. कर्ज फ्लोटिंग असतं, दर उतरला की तुमचाही उतरतो. 8 ऐवजी साडेआठ टक्के झाले तर हप्ता 785 रुपयांनी वाढेल. आणि तुम्ही बिल्डरकडून एक लाख कमी करून घेतला आणि तेवढं कर्ज कमी काढलंत, तर हप्ता 836 रुपयांनी कमी होईल, तोही कायमचा. म्हणून रेपो दराच्या बातम्यांपेक्षा मीटरबोर्डाकडे लक्ष द्या.

प्लॉटचा हिशोब असा. 1200 चौरस फूट, 1800 रुपयांनी 21 लाख 60 हजार. ग्रामीण हद्दीत मुद्रांक, उपकर, नोंदणी मिळून 7.65 टक्के, म्हणजे 1 लाख 65 हजार. प्लॉटला बँक घरापेक्षा कमी प्रमाणात कर्ज देते, त्यामुळे तुमच्या 14 लाखांतला मोठा भाग इथेच जाईल. वर प्लॉटचा हप्ता, वर अनगोळचं भाडं, आणि बांधकामाला पुरतील एवढे पैसे उरत नाहीत. असे कुंपण घातलेले, गवत माजलेले प्लॉट मी शेकड्यांनी बघतो, मालक भाड्याच्या घरात राहतो. वडिलांचं म्हणणं मनापासून आहे, त्यांच्या पिढीत जमिनीनेच तारलं. पण जमीन तुमच्याकडे आहे, गावात. तुम्हाला आता छप्पर हवंय.

दोन गोष्टी अजून. कर वाचतो म्हणून घर घ्या असं कुणी सांगितलं तर, नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला करच नाही, तेव्हा तो मुद्दा तुमच्यासाठी संपला. उलट प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 बघा. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, आणि नवरा-बायको व अविवाहित मुलांपैकी कुणाच्याही नावावर देशात पक्कं घर नसेल, तर व्याजाचं अनुदान 1 लाख 80 हजारांपर्यंत पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं. गावचं घर वडिलांच्या नावावर आहे, त्याची अडचण नाही. म्हणून 34 लाखांचा हा फ्लॅट ‘पार्किंग वेगळं’ म्हणत 36 वर जाऊ देऊ नका. आणि रोखीत काही भाग द्या म्हणाले तर सरळ नाही म्हणा. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, आणि तुमचं कर्ज व पुढची विक्री किंमत दोन्ही खरेदीखतातल्या आकड्यावर ठरतं.

निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या वाचकांना हेच लागू आहे. निपाणीत तंबाखूचा हंगाम चांगला गेला की जागेला गिऱ्हाईक वाढतं, तेव्हा हंगाम मंदा असताना बोलणी करा. चंदगड-शिनोळीकडून इकडे शेतजमीन घेऊ पाहणाऱ्यांनी लक्षात घ्या, महाराष्ट्रात शेतजमिनीला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, कर्नाटकने 2020 ला ती अट काढली. पण शेतजमीन घेणं सोपं झालं म्हणजे त्यावर घर बांधणं सोपं झालं असं नाही.

तर तुम्ही पाडव्याला संचकार देऊ नका. बिल्डरला एवढंच सांगा की कागदांच्या झेरॉक्स द्या, आम्ही खरंच घेणार आहोत. एप्रिल-मे मध्ये वकिलाकडून सगळं तपासून घ्या, बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी घ्या, पाण्याची चौकशी करा. जुलैत मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी फ्लॅट बघा. या सहा महिन्यांचं भाडं 66 हजार जाईल, पण तेवढ्याच काळात तुमची बचतही वाढेल. गणपतीनंतर पितृपक्ष येतो. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी व्यवहार करत नाही, बिल्डरचा फोन वाजत नाही. खरेदी करायची नाही, पण बोलायला कुणाची ना नसते. पितृपक्षात भाव पक्का करा, नवरात्रात करारनामा नोंदवा, दसऱ्याची सुट्टी संपली की खरेदीखत. तोवर तो फ्लॅट गेला तर जाऊ द्या. मजगाव, भाग्यनगर, वडगावात दुसरा मिळेल, आणि तुमचा वकील, बँकेची फाइल तयार असेल.

खरेदीखत दोघांच्या नावावर करा. आणि सहीच्या आधी तीन ओळी त्यात शोधा: जमिनीतला तुमचा अविभाज्य हिस्सा किती चौरस फूट, पार्किंगची जागा कोणत्या नंबरची, आणि गच्ची सगळ्यांची की बिल्डरने राखून ठेवलेली. तिसरी ओळ बिल्डरच्या नावाने असेल तर ती काढल्याशिवाय सही करू नका. नाहीतर त्याच गच्चीवर पुढे एक मजला चढतो.